विझवलेल्या लेझरमधून

बोगद्याच्या कामावर तिला सगळे तारवाली म्हणत. खरं तर तारेशी तिचा काही संबंध नव्हता. तिचं काम काचेच्या धाग्यांचं. केसाहून जेमतेम जाड असलेले ते धागे एकमेकांना जोडायचे, त्यांची टोकं पुसून लख्ख ठेवायची आणि आतल्या-बाहेरच्या फोनच्या पेट्या चालू ठेवायच्या. जिथे सुरुंग उडवतात तिथे तांब्याची तार नेऊ देत नाहीत. एखादा चुकार करंट सुरुंगात शिरला तर होत्याचं नव्हतं व्हायचं. म्हणून या बोगद्यातला फोन उजेडावर चालायचा. आतल्या पेटीत वाटाण्याएवढा एक लेझर होता. माणूस बोलला की त्याचा उजेड आवाजाबरोबर कमीजास्त व्हायचा, धाग्यातून सहाशे मीटर जायचा, आणि बाहेरच्या पेटीतला एक डोळा तो टिपून त्याचा पुन्हा आवाज करायचा. बाहेरचं बोलणं आत यायला दुसरा धागा. त्याच्या बाहेरच्या टोकाला लेझर, आतल्या टोकाला डोळा.

बाहेरच्या पेटीवर तिची नणंद बसायची, नवऱ्याची धाकटी बहीण. तीन आठवडे दोघींचं बोलणं बंद होतं. म्हणजे फोनवर कामापुरतं चालायचं, "आत पोचले", "बरं", एवढंच. कारण साधं होतं आणि साधं नव्हतंही. लेकीला ताप असताना तारवाली तिला शेजारणीकडे ठेवून पाळीला आली, आणि नणंद कॅन्टीनमध्ये चारचौघांसमोर म्हणाली, "आमच्या दादाच्या पोरीला आई आहे की नाही, देव जाणे." नवरा टँकरवर, आठवड्यातून एकदा घरी. सुट्टी घ्यायची तर ती कोणी घ्यायची, हे नणंदेला कोण विचारणार? तारवालीने ताट तसंच ठेवलं आणि उठली. तेव्हापासून एका घरात वर-खाली राहून दोघी एकमेकींना भिंतीसारख्या.

त्या दिवशी सकाळी आतल्या फोनमध्ये खरखर येते म्हणून ती आत गेली. आतली पेटी एका आडव्या बोळाच्या तोंडाशी टांगलेली होती. शेजारी दुसरा बोगदा समांतर चालला होता, आणि दोन्ही जोडायला मध्ये हा बोळ खणत होते. या बाजूने सहा मीटर खणून काम थांबवलं होतं, उरलेलं पलीकडून यायचं होतं. बोळाची जमीन बोगद्याच्या जमिनीपेक्षा कंबरभर उंच. बोगदा मात्र पुढे उताराला लागलेला, त्यामुळे खडकातून झिरपलेलं पाणी सगळं पुढच्या टोकाला साचायचं आणि पंप ते दिवसभर उपसत राहायचा.

मजूर चहाला बाहेर गेले होते. आत फक्त मोजकाका होते. ते सर्वेअर. माप घेणारे, आणि बोलणंही मोजकंच, म्हणून मोजकाका. निवृत्तीला सात महिने राहिलेले.

"किती वाजले गं?" त्यांनी खालून विचारलं.

"तुमच्या हातात घड्याळ आहे की."

"ते बरोबर आहे का, ते विचारतोय."

ती हसत वळली, आणि तेवढ्यात डोंगराने खाकरल्यासारखा आवाज झाला. मग वारा आला. अंगावर भिंत चालून यावी तसा वारा. दिवे गेले. ती कुठेतरी आपटली, तोंडात माती गेली, कानात शिट्टी घुमू लागली. हेल्मेटवरचा दिवा चालू होता, पण धुळीत त्याचा उजेड हातभरही जात नव्हता.

धूळ बसायला किती वेळ लागला कोण जाणे. बसली तेव्हा दिसलं की परतीच्या वाटेवर, तीस-पस्तीस पावलांवर, बोगदा संपला होता. तिथे छतापासून जमिनीपर्यंत दगड आणि चिखल होता. आणि बोळाच्या तोंडाशी छपरातून सुटलेला ट्रंकेएवढा एक दगड पडला होता. फोनच्या पेटीचा अर्धा भाग घेऊन तो खाली आला होता, आणि त्याच्याखाली मोजकाकांचा डावा पाय होता.

काका ओरडत नव्हते. ओठ आवळून नुसते नाकाने श्वास घेत होते. ते बघून ती जास्तच घाबरली. मोजणीच्या तिपाईचा लोखंडी पाय तिने दगडाखाली घातला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. दगड दोन बोटं उचलला गेला. "ओढा!" ती किंचाळली, आणि काकांनी स्वतःच कोपरांवर सरकत पाय बाहेर ओढला. नडगी मधेच वाकली होती. तिने ओढणी फाडून तिपाईच्याच पायाला पाय बांधला आणि त्यांना काखेत धरून बोळात वर चढवलं.

"पंप," काका म्हणाले.

तिने कान दिला. पंपाची घरघर नव्हती. वीज गेली होती, आणि खाली बोगद्यात पाणी चुबुकचुबुक करत होतं.

फोनच्या पेटीवरचा हिरवा दिवा अजून लुकलुकत होता. पेटीची स्वतःची बॅटरी असते. तिने पेटीचा हेडफोन कानाला लावला. "बाहेर! बाहेर कोणी आहे का? वन्सं!"

काहीच नाही. नेहमीची बारीक खसखसही नाही.

तिने झाकण उघडून दिवा आत धरला. ऐकण्याच्या बाजूचा डोळा चिरडला होता, आणि त्याला येणारा धागा दगडाखाली कुठेतरी भुगा झाला होता. बोलण्याची बाजू, लेझर आणि त्याचा धागा, धड होती. पण तो धागा पुढे ढिगाऱ्यातून जात होता. तिथे तो तुटला की शाबूत, हे इथून कळायला मार्ग नव्हता.

"माझं बोलणं कदाचित जात असेल," ती म्हणाली.

"कदाचित हे काही माप नव्हे," काका म्हणाले.

तरी ती बोलली. "आम्ही दोघं जिवंत आहोत. मी आणि मोजकाका. काकांचा पाय मोडलाय. आडव्या बोळात बसलोय. पाणी चढतंय." पुन्हा तेच. पुन्हा तेच. भिंतीला सांगितल्यासारखं. दहाव्या वेळी तिला स्वतःचाच आवाज नकोसा झाला. बाहेर सगळे ऐकत उभे असतील, किंवा बाहेर कोणालाच काही ऐकू येत नसेल आणि रजिस्टरमध्ये त्यांच्या नावांवर काट मारली गेली असेल. दोन्हींत इथून काडीचाही फरक दिसत नव्हता.

काकांनी दिवा खाली मारला. पाणी आता घोट्याच्या वर होतं. पाऊण तासात गुडघ्याला लागेल, असं ते म्हणाले, जणू उद्याची हवा सांगताहेत. मग त्यांनी विचारलं, "हा बोळ पलीकडून किती राहिलाय, माहीत आहे?"

"नाही."

"परवा मी मोजला. चार मीटर."

तिच्या अंगात जीव आला. "म्हणजे ते इथूनच येतील!"

"येतील. पण चार मीटर खडक कुदळीने फोडत नाहीत. भोकं पाडतील, सुरुंग भरतील आणि उडवतील." ते थांबले. "आणि आपण त्याच भिंतीला पाठ लावून बसलोय."

ती चटकन भिंतीपासून दूर सरकली, आणि मग तिलाच कळलं की बोळ सहा मीटरचा, त्यात दूर म्हणजे कुठे?

त्यानंतर थोड्याच वेळात आवाज सुरू झाला. आधी तिला वाटलं कान अजून घुमताहेत. मग तिने तळहात भिंतीला लावला. खडक थरथरत होता. पलीकडे ड्रिल चालू होतं.

जन्मात कुठल्या आवाजाची इतकी वाट पाहिली नव्हती, आणि जन्मात कुठला आवाज थांबावा असं इतकं वाटलंही नव्हतं. बाहेर तिचं ऐकू गेलं असेल तर त्यांना माहीत होतं की दोघं इथे आहेत, आणि ते सांभाळून करतील. गेलं नसेल तर ते रिकाम्या बोळात सुरुंग लावत होते. खाली उतरून पाण्यात उभं राहावं, तर मोडक्या पायाचा माणूस त्या थंडगार पाण्यात किती वेळ टिकणार? वेळ कळली तरच उतरण्यात अर्थ होता. आणि वेळ कळायची तर ऐकू यायला हवं होतं.

"डोळा नाही," ती स्वतःशीच पुटपुटत होती. "कान आहे, कानाचं सर्किट आहे, फक्त डोळा नाही."

"दुसरा नाही का पिशवीत?"

"नाही हो काका. पिशवीत चिमटे आहेत, पट्टी आहे, पक्कड आहे. उजेड देणारा आहे, घेणारा नाही."

असं म्हणताना तिला वर्कशॉपमधली एक दुपार आठवली. ती एका लेझरचे पाय, म्हणजे त्याच्या बुडाच्या दोन बारीक धातूच्या काड्या, मीटरला जोडून बसली होती. लेझर बंद होता, त्याला वीज दिलेलीच नव्हती. तरी मीटरचा काटा हलत होता. तिने मीटरला दोन टपल्या मारल्या, तो बिघडला म्हणून. मग लक्षात आलं की धाग्याच्या दुसऱ्या टोकाला सहकारी आपला लेझर चालू-बंद करून बघतोय. त्याचा उजेड धाग्यातून येऊन तिच्या विझलेल्या लेझरमध्ये शिरत होता, आणि हा बेटा तो खाऊन त्याची वीज करत होता. तिने मिस्त्रींना दाखवलं तर ते म्हणाले होते, "करतोच तो. वीज दिली की उजेड ओकतो, उजेड दिला की थोडीशी वीज ओकतो. डोळ्याचं काम करतो, पण म्हाताऱ्या डोळ्याचं."

म्हातारा तर म्हातारा. तिने हात पॅंटला पुसले.

करायचं ते असं होतं. लेझरचे दोन बारीक पाय बोलण्याच्या सर्किटमधून सोडवायचे, आणि जिथे चिरडलेला डोळा होता तिथल्या दोन टोकांना पिळून जोडायचे. पण तेवढ्याने भागत नव्हतं. बाहेरचा आवाज दुसऱ्या धाग्याने यायचा, आणि तो तर मेलेला. बाहेर नणंदेला आपला लेझर या धाग्यावर लावावा लागणार होता. म्हणजे दोघींनी एकाच धाग्यावर आळीपाळीने बोलायचं. आणि हे सगळं तिला सांगायचं होतं, ती ऐकते आहे की नाही हे माहीत नसताना.

"वन्सं, नीट ऐका," ती पेटीत बोलू लागली. "मला तुमचं काही ऐकू येत नाही. माझा लेझरच मी ऐकायला वापरणार आहे. तुमच्यासमोर पेटीत दोन धागे आहेत. निळ्या टोपीचा धागा ऐकण्याच्या भोकातून काढा आणि बोलण्याच्या भोकात घाला. मग दोन मिनिटं बोला. दोन मिनिटं झाली की परत होता तसा लावा, मग मी बोलेन. काकांच्या घड्याळात आता दहा वाजून चाळीस. बेचाळीसला मी ऐकायला लागेन." तिने ते तीन वेळा सांगितलं. मग पाय सोडवले, पिळले, कान लावला.

कानात खसखस आली. सर्किट जिवंत होतं! पण खसखसच. खाली पाणी, मागे ड्रिल, आणि काकांच्या घशातून येणारी एक बारीक घरघर.

"काका, जरा..."

काकांनी बाही तोंडात कोंबली. दोन मिनिटं ते दाताने बाही चावत बसले आणि तिला फक्त खसखस ऐकू आली.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही. धागा तुटलाय. इतका वेळ मी दगडाशी बोलत होते."

"किंवा तुझी नणंद चहा प्यायला गेली असेल."

"ती? ती खुर्चीवरून हलायची नाही. भूकंप झाला तरी आधी रजिस्टर बंद करेल आणि मग..." ती अडखळली. बाहेरची पेटी तिच्या डोळ्यांसमोर आली होती. तो टेबल, ते रजिस्टर, त्या दोन टोप्या. "अरे देवा! बाहेर निळी टोपी नाहीच!"

गेल्या महिन्यात बाहेरची निळी टोपी तुटली होती. सामानात निळ्या संपल्या होत्या, म्हणून तिने लालच लावली, आणि वर चिठ्ठी चिकटवायची राहून गेली. नंतर करू म्हणून. बाहेर दोन्ही टोप्या लाल होत्या. नणंद गेली दोन मिनिटं निळी टोपी शोधत बसली असेल.

तिने लेझरचे पाय पुन्हा फिरवले. "वन्सं, निळी नाही! दोन्ही लाल आहेत, चूक माझी. डावीकडचा धागा. तुमच्या डाव्या हाताचा, ज्या हातात घड्याळ घालता तो. तो काढून उजव्या भोकात घाला. उजवीकडचा काढून फेकून द्या. सत्तेचाळीसला ऐकते."

पाणी काकांच्या अंदाजापेक्षा लवकर चढत होतं. गुडघ्याची खूण त्यांनी खडूने केली होती, ती दिसेनाशी झाली होती. मागचं ड्रिल मधेच थांबलं, आणि ते थांबणं चालू असण्याहून भयंकर होतं. भोकं पाडून झाली? आता भरताहेत? मग ते पुन्हा सुरू झालं, जरा बाजूला, नव्या भोकासाठी. दोघांनी एकदम श्वास सोडला.

सत्तेचाळीसला तिने कान लावला. आधी खसखस. मग खसखशीच्या तळाशी, खूप खाली, कानाशी डास यावा तसं काहीतरी. तिने डोळे घट्ट मिटले. डास चढत-उतरत होता. त्याला शब्दांची लय होती.

"...ऐकू आलंय. सगळं ऐकू आलंय, पहिल्यापासून. वहिनी, मी बोलतेय. तुमचं सगळं ऐकू आलंय..."

तिला रडू फुटलं आणि तिने ते गिळलं, कारण रडण्याच्या आवाजात नणंद बुडाली असती.

"...बोळात थांबायचं नाही. तिथेच उडवणार आहेत. खाली उतरून उताराला जा, वळणाआड, चाळीस मीटर. तुम्ही ऐकलं म्हणेपर्यंत उडवणार नाहीत, मी उडवू देत नाहीये. पण पाणी चढतंय, साहेब म्हणतात फार थांबता येणार नाही..." आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. आवाज नणंदेचा होता, पण कॅन्टीनमधला नव्हता. शाळेत पाढे म्हणतात तसा, न थांबता, न चुकता.

पाळी बदलली. "ऐकलं! वन्सं, ऐकलं!" ती ओरडली. "चाळीस मीटरवर पाणी डोक्यावर जाईल. वळणापर्यंत जमणार नाही. काका म्हणतात ड्रिलचं मोठं मशीन पंचवीस मीटरवर उभं आहे, त्याच्या मागे जातो. चालेल का ते विचारा. आणि वेळ सांगा." मग तिला राहवलं नाही. "लेकीला सांगा की आई..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. पाय फिरवले, कान लावला. डास आला.

"...मशीनमागे चालेल, साहेब हो म्हणाले. खाली वाकून बसा, कान झाका, तोंड उघडं ठेवा. वेळ अकरा वीस. अकरा वीस. आणि पोरीला काय सांगायचं ते तुम्ही येऊन सांगा. मी काही निरोप्या नाही."

"अकरा वीस," तिने काकांना सांगितलं. आता फक्त 'कळलं, निघतो' म्हणायचं होतं आणि वेळ परत म्हणून घ्यायची होती. तिने लेझरचे पाय पुन्हा बोलण्याच्या बाजूला वळवले. आठवी-दहावी वेळ असेल. "ऐकलं, निघतो आम्ही, मशीनच्या मागे," ती म्हणाली, "वेळ परत..." आणि बोटांत काहीतरी टचकन मोडलं. केसाएवढा तो पाय मुळातून तुटून तिच्या नखाला चिकटला होता. हिरवा दिवा विझला.

किती शब्द बाहेर गेले, कळायला आता काहीच मार्ग नव्हता.

"चल," काका म्हणाले. अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती.

पाणी मांड्यांना लागलं तेव्हा दोघांच्याही तोंडून आवाज निघाला. पण पाण्यात माणूस हलका होतो. तिने काकांना उताणं केलं, काखेत हात घालून ओढत नेलं. दिव्याच्या उजेडात त्यांचा चेहरा राखेसारखा दिसत होता. "पंधरा मीटर," ते म्हणत होते. "अठरा. डावीकडे पाइप आहे, अडखळशील." पाणी तिच्या छातीला लागलं आणि मशीनचं चाक हाताला आलं. मागच्या बाजूला दोन पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवर तिने काकांना बसवलं, स्वतः खालच्या पायरीवर उभी राहिली आणि त्यांचा पट्टा हाताला गुंडाळून धरला.

अकरा अठरा. एकोणीस. तिने कान झाकले, तोंड उघडलं. तोंड उघडं ठेवल्यावर दात वाजतात हे तिला नव्याने कळलं.

अकरा वीस.

काही झालं नाही.

अकरा एकवीस. ड्रिल केव्हाच बंद झालं होतं. कुठूनच कसलाच आवाज नव्हता, फक्त पाणी. अकरा बावीस, तेवीस. पाणी हनुवटीकडे येत होतं.

"का उडवत नाहीत?"

"भरायला वेळ लागत असेल."

"नाही. माझं शेवटचं गेलंच नसेल. ती थांबलीय. मी ऐकलं म्हटल्याशिवाय उडवू देणार नाही म्हणाली होती. काका, ती तिथे अडून बसलीय आणि आपण इथे बुडतोय." ती पायरीवरून उतरू लागली. "मी परत जाते. पाय चिकटवते कसातरी. एकच शब्द बोलायचाय."

"जाऊ नकोस."

"पंचवीस मीटर तर आहे!"

"बरोबर ऐकलं होतंस का? वीस?"

ती थबकली. डासाएवढा तो आवाज. अकरा वीस. अकरा... तीस? दोन्हींचं शेपूट सारखंच. पहिलं अक्षर खसखशीत होतं. तिने खरंच 'वी' ऐकलं होतं, की मनाने लवकरची वेळ उचलली होती? तिने आठवायचा जितका प्रयत्न केला तितका आवाज कधी वीस म्हणत होता, कधी तीस.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. हे वाक्य म्हणताना जेवढी भीती वाटली तेवढी छत कोसळलं तेव्हाही वाटली नव्हती. तीस असेल तर थांबायला हवं होतं. वीस असेल आणि बाहेर अडलं असेल, तर थांबणं म्हणजे मरण. आणि ती अर्ध्या वाटेत असताना उडवलं तर?

काकांनी तिच्या वेणीला धरलं. लहान मुलीला धरावं तसं, घट्ट. "तीसपर्यंत बसायचं. मग तू जा. मी अडवणार नाही."

सात मिनिटं. पाणी ओठांना लागल्यावर ती वरच्या पायरीवर चढली आणि दोघं एकमेकांना चिकटून उभे राहिले, काका एका पायावर. त्यांचं अंग थडथडत होतं. मधेच ते म्हणाले, "घरी सांगू नकोस, मी घाबरलो होतो म्हणून." ती म्हणाली, "तुम्ही माझं सांगू नका." अकरा एकोणतीसला तिने काकांचे कान आपल्या तळहातांनी झाकले, कारण त्यांचे दोन्ही हात मशीनला धरून होते.

स्फोट ऐकू आला नाही, तो अंगात झाला. मशीन हललं, पाण्याची भिंत त्यांच्या डोक्यांवरून गेली, दगड पत्र्यावर धाडधाड वाजले. ती पाण्याखाली होती, मग वर होती, पट्टा अजून हातात होता. खोकत तिने वर ओढलं आणि काका खोकत वर आले. मग धुराच्या पलीकडून, बोळाच्या बाजूने, पिवळा उजेड हलताना दिसला. कोणीतरी हाका मारत होतं.

तिला शेजारच्या बोगद्यातून बाहेर काढलं तेव्हा लख्ख ऊन होतं, आणि ती डोळ्यांवर आडवा हात धरून चालली. काकांना गाडीत घातलं होतं. कोणी तिच्या अंगावर घोंगडी टाकली, कोणी बस म्हणालं. ती बसली नाही. फोनच्या खोलीत गेली.

नणंद खुर्चीवरच होती. तासाभरापासून धागा मुका होता, दोघं सुटल्याचं तिला दोनदा येऊन सांगितलं होतं, तरी कानाला लावलेलं तिने काढलं नव्हतं. समोर लाल टोपीचा धागा पुन्हा डाव्या, ऐकण्याच्या भोकात खुपसलेला होता. तारवालीकडे तिने डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग एकदम भडकली.

"वेळ परत म्हणायची असते! मी सांगितली, तुम्ही परत म्हणायची! 'वेळ परत' म्हणालात आणि बंद! साहेब म्हणाले, ऐकलं म्हणाली ना, उडवा. मी त्यांच्याशी भांडले. मी म्हटलं, वेळ म्हटलेली नाही तिने. त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी उडवलं, वहिनी, आणि मला वाटलं..." तिचा आवाज बसला होता.

"वीस होती की तीस?" तारवालीने विचारलं.

"तीस! तीस म्हटलं मी, सतरा वेळा म्हटलं!"

"मला वीस ऐकू आलं."

नणंदेने कानाचं काढायला हात वर केला, पण ते केसांत अडकलं होतं, निघेना. तारवालीने चिखलाच्या हातांनी ते काढून टेबलावर ठेवलं. कॅन्टीनमधल्या त्या वाक्याबद्दल कोणी काही म्हटलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. दोघींचं बोलणं मात्र सुरू झालं, आणि भांडणंही.

काकांच्या पायात सळई घातली. ते सात महिने आधीच निवृत्त झाले. चौकशीत पंपाला दुसरी वीज का नव्हती याची पानंच्या पानं लिहिली गेली, आणि बंद लेझरने ऐकल्याची एक ओळ. तिथल्या फोनवर नवा नियम आला. वेळ सांगताना एकेक आकडा सुटा म्हणायचा, एक-एक, तीन-शून्य, आणि समोरच्याने तो तसाच परत म्हटल्याशिवाय कोणी कशाला हात लावायचा नाही.

तारवालीने बाहेरचं काम मागून घेतलं. दिवसा, उघड्यावर, खांबांवरचं. कामात तिचा हात तसाच आहे, पण घरी ती बादली काठोकाठ भरू देत नाही. नळाखाली पाणी चढतानाचा आवाज ऐकू आला की ती असेल तिथून येऊन नळ बंद करते. लेक विचारते, अर्धीच का? ती म्हणते, पुरते तेवढी. एकदा काकांना भेटायला गेली तेव्हा तिने हे त्यांना सांगितलं. काकांनी सळईचा पाय हातांनी उचलून जरा सरळ केला. मग म्हणाले, "मी अजून आंघोळीला तांब्याभरच पाणी घेतो," आणि बायको चहा घेऊन येतेय हे बघून त्यांनी विषय बदलला.